पान खुडणारे हात

(सक्करदरा येथील भगिनी सभेत केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे संक्षिप्त करून.)





सभेच्या चिटणीस ताईंनी मला निमंत्रण देताना एक अट घातली होती. त्या म्हणाल्या, "ताई, दर वेळी तुम्ही कामाचा अहवाल देता. या वेळी बहिणींना घरी करता येईल असं काहीतरी सांगा. हा ग्रीन टी म्हणतात तो घरी कसा करायचा, ते सांगाल का?" मी लगेच हो म्हटले. पानाचा चहा कसा होतो हे नीट सांगायला बसले, तर आपल्या आदिवासी बंधुभगिनींच्या कष्टाची गोष्ट त्यातच येते. मला अहवाल वेगळा द्यावाच लागत नाही.

सुरुवात आपल्या कुंडीतल्या पानापासून करू. चहाचे खरे झाड नागपूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. त्याला पाऊस भरपूर लागतो, हवा दमट लागते आणि माती आम्लधर्मी लागते. आपल्याकडे होतो तो गवती चहा. तो चहाच्या कुळातला नाही, गवताच्या कुळातला आहे. बुधवारच्या बाजारात त्याची जुडी मिळते. मुळासकट एखादा फुटवा मिळाला तर कुंडीत लावा. पावसाळ्यात त्याचे बेट होते.

पात कापायची ती सकाळी, दव सुकल्यावर. उपटायची नाही. जमिनीपासून चार बोटे ठेवून विळीने कापायची, म्हणजे पुन्हा फुटते. धुऊन, निथळून, बोटभर तुकडे करायचे आणि सुती कापडावर सावलीत पसरायचे. कडक उन्हात टाकले तर रंग जातो आणि वासही जातो. चार-पाच दिवसांनी पात हातात घेऊन वाकवून पाहा. कट्कन मोडली तर वाळली, नुसती वाकली तर अजून ओल आहे. ओल राहिलेली पात बरणीत भरली की बुरशी धरते. पावसाळी हवेत वाळत नसेल तर अगदी मंद आचेवर कढईत हलवून कोरडी करा. झाकणाच्या बरणीत ती पुढचे कित्येक महिने टिकते. प्यायला छान लागते, एवढेच मी सांगेन. ताप उतरतो, साखर जाते, असल्या गोष्टींवर विसंबून औषध बंद करू नका. आणि सहलीला गेल्यावर रानातली ओळख नसलेली पाने तोडून आणून उकळू नका. ज्या गावात त्या पानाची ओळख आहे, त्या गावातल्या माणसाला आधी विचारा.

आता खरा चहा. पुष्कळांना वाटते की हिरव्या चहाचे झाड वेगळे आणि आपल्या रोजच्या काळ्या चहाचे वेगळे. तसे नाही. झाड एकच. शेंड्याची एक कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पाने खुडायची, हेही दोन्हींना सारखेच. फरक पडतो तो पान खुडल्यानंतरच्या काही तासांत. पान सुकवून चुरगळले आणि तसेच ठेवले, तर त्यातला रस हवेशी मिळून पान तांबूस होते. कापून ठेवलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते ना, तसेच. मग ते वाळवले की काळा चहा. पण खुडलेले पान वेळेवर गरम कढईत टाकून हलवले, किंवा वाफ दिली, तर तांबूस होण्याची क्रिया तिथेच थांबते. मग तळहातांनी चोळून वळायचे आणि वाळवायचे. हा झाला हिरवा चहा.

मुन्नारला किंवा आसामला कोणी राहत असेल आणि ताजी पाने मिळाली, तर हे तुम्ही घरी करू शकता. लोखंडी कढई चांगली तापवा. मूठ-दोन मूठ पानेच टाका, जास्त टाकली की ती भाजण्याऐवजी शिजतात. दोन-तीन मिनिटे सतत खालीवर करा. कच्च्या गवताचा वास जाऊन भाजल्याचा गोडसर वास आला की ताटात काढा. कोमट असतानाच चोळा, पुन्हा मंद आचेवर कोरडी करा. साधारण चार-पाच किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. आणि करताना पाणी उकळते घालू नका. उकळी येऊन गेल्यावर थोडे निवू द्या, मग पाने घाला, दोन-तीन मिनिटांनी गाळा. नाहीतर कडू होतो आणि मग आपण म्हणतो, हा ग्रीन टी काही आपल्याला मानवत नाही!

बहिणींनो, यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. पान खुडले तेव्हा त्याचा चहा झालेला नसतो. चहा होतो तो कढईत, चोळण्यात, वाळवण्यात. ज्याच्या घरी कढई आहे आणि वाळवायला जागा आहे, त्याच्या हाती चहा येतो. ज्याच्याकडे फक्त खुडणारे हात आहेत, त्याच्या हाती त्या दिवसाची मजुरी येते.

आपल्या देशात हे दोन्ही प्रकार एकाच भूमीवर घडले आहेत. आसामच्या पूर्व टोकाला, आजच्या तिनसुकिया जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या अरुणाचलात, सिंगफो नावाची जमात राहते. चहा त्यांच्या रानात आपोआप उगवत असे. छाटला नाही तर तो झुडूप राहत नाही, उंच झाड होतो. ही माणसे त्याची कोवळी पाने खुडून आणत, गरम भांड्यात भाजत, उन्हात वाळवत, रात्री दवात ठेवत आणि मग बांबूच्या पोकळ नळीत काठीने ठासून भरत. ती नळी चुलीवरच्या धुरात टांगून ठेवली की आतला चहा घट्ट होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. लागेल तेव्हा सुरीने चकती कापायची. याला ते फालाप म्हणतात. आजही काही घरांत तो केला जातो. म्हणजे झाड रानातले, पान घरच्या माणसांनी खुडलेले, चूल घरची, बांबू घरचा. सगळे एका छपराखाली.

१८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस नावाचा व्यापारी सिंगफोंचा प्रमुख बिसा गाम याला भेटला आणि इंग्रजांना या झाडाची माहिती झाली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट वारला, पण त्याचा भाऊ चार्ल्स याने ते काम पुढे नेले. सिंगफो चहा कसा करतात हेही त्याने बारकाईने लिहून ठेवले. १८३४ मध्ये कलकत्त्यात सरकारने चहासाठी समिती नेमली. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. ज्यांच्या रानातले हे झाड, त्या सिंगफोंची भूमी हळूहळू त्यांच्या हातून सुटत गेली. १८४३ मध्ये त्यांनी उठाव केला, तो मोडून काढण्यात आला.

मग मळ्यांना हात हवे होते. ते आणले छोटा नागपूरहून, संथाळांच्या मुलखातून, ओडिशातून, आणि आपल्या मध्य प्रांतातूनही. नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, तोच हा प्रांत. उराँव, मुंडा, खडिया, संथाळ गेले, त्यांच्याबरोबर गोंडही गेले. आडकाठी म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल, त्यांना गोड बोलून नेत. तिथे पोहोचल्यावर कराराचा अंगठा. १८५९ च्या कायद्याने करार मोडणे हा मजुराचा गुन्हा ठरला. १८६५ च्या कायद्याने तर पळून गेलेल्या मजुराला मळेवाल्याने स्वतःच पकडावे, अशी मुभा दिली. तापाने, हगवणीने माणसे फार मेली. याविरुद्ध ज्यांनी लिहिले त्यांत ब्राह्मो समाजाचे द्वारकानाथ गांगुली होते, आणि आसामात धर्मसेवा करणारे रेव्हरंड चार्ल्स डाउडिंगही होते. १८९० च्या दशकात त्यांनी मळ्यांवरच्या मृत्यूंचा प्रश्न जाहीरपणे मांडला. मळेवाल्यांना ते आवडणार नव्हते हे उघड आहे, कारण रविवारी त्यांच्याच उपासनेला समोर बसणारे ते लोक होते. आपल्या मंडळ्यांनी अशा पाळकांची आठवण ठेवली पाहिजे.

त्या मजुरांची नातवंडे-पतवंडे आजही आसामच्या मळ्यांत आहेत. पान खुडणाऱ्यांत बहुतेक बायका. पाठीवर टोपली, दिवसाला ठरलेले वजन, वजनावर मजुरी. खुडलेले पान कारखान्यात जाते. आपल्या गावी जी जमात अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, ती आसामच्या मळ्यात त्या यादीत नाही. त्यासाठी त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे.

आसाम लांब आहे, आपला काय संबंध, असे कोणाला वाटेल. म्हणून आता मी तुम्हाला उमरेड रोडने पुढे, गडचिरोलीच्या रानात नेते. तिथला चहा नाही, तिथला तेंदू आहे. एप्रिल-मे महिन्यात, आपण इथे कूलर लावून बसतो तेव्हा, तिथल्या बायका पहाटे चारला उठून रानात जातात. दुपारपर्यंत पाने तोडून आणतात. मग सगळे घर, म्हातारी आणि शाळेची सुट्टी लागलेली पोरेसुद्धा, पुडके बांधायला बसते. एका पुडक्यात सत्तर पाने. शंभर पुडके म्हणजे सात हजार पाने, एकेक मोजून, एकावर एक लावून. संध्याकाळी ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायची. अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. बिडी ओढू नये हे मी गावोगाव सांगते, आपल्या मंडळीतही सांगते. पण ते पान तोडणाऱ्या बाईचे वर्षभराचे तेल-मीठ, पोरांची वह्या-पुस्तके त्या पंधरा-वीस दिवसांवर चालतात, हेही मला माहीत आहे.

तेंदूच्या आधी मोहाचा हंगाम असतो. फुले पहाटे गळतात, ती वेचून अंगणात वाळवायची. वाळवायला ताडपत्री नसेल तर ती मातीत पडतात, त्यांना खडे-माती लागते आणि भाव पडतो. साठवायला कोरडी जागा नसली की मार्चमध्ये स्वस्तात विकावी लागतात. पावसाळ्यात घरात लागली, की तीच फुले त्याच बाईला महाग घ्यावी लागतात.

एका गावात पुडके मोजून घेणाऱ्या माणसाने एका बाईची बरीच पुडकी खराब म्हणून बाजूला काढली. बाजूला काढलेली पुडकी मात्र त्याने परत केली नाहीत. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, पान आमी तोडतो. मोजते थो, अन् भावबी थोच सांगते. मंग आमचं काय?" तिच्या त्या प्रश्नावर मला तेव्हा एकच उत्तर सुचले. मी तिला म्हटले, "माय, कायद्यानं ते पान तुझं आहे." ती हसली. कायद्यातले पान आणि हातातले पान यांत किती अंतर असते ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

तरी कायदा काय म्हणतो हे आपण मंडळींनी समजून घेतले पाहिजे. १९६९ पासून महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारने आपल्या नियंत्रणात घेतला होता. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू, बांबू, मध, मेण, लाख, औषधी वनस्पती ही सगळी गौण वनोपजात धरली आणि ती गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क वनवासींना दिला. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि त्या हक्कात साठवण, प्रक्रिया आणि वाहतूकही येते, असे स्पष्ट झाले. प्रक्रिया हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या चहाच्या भाषेत सांगायचे तर, कढईवरचा हक्कही कायद्याने दिला.

आणि हे कागदावरच राहिले असेही नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी त्यासाठी कित्येक वर्षे एकमताने निर्णय घेण्याची सवय लावली होती. २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तोपर्यंत तो परवाना वनखाते देत असे. २०१३ च्या हंगामात गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकायला सुरुवात केली. स्वतः निविदा काढायची, ठेकेदाराशी स्वतः बोलायचे, हिशेब गावासमोर वाचायचा. सगळीकडे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी पैसे अडकतात, काही ठिकाणी भाव पाडला जातो. पण पान कोणाचे, हा प्रश्न आता गावात उघडपणे विचारला जातो.

पवित्र शास्त्रात आपण रूथची गोष्ट पुष्कळदा ऐकतो. परक्या देशातली विधवा, सासूचे पोट भरायला दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली. आपण बवाजाच्या उदारपणावर प्रवचन करतो, आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्या अध्यायाच्या सतराव्या ओवीत एक लहानशी गोष्ट आहे, ती घरी जाऊन वाचा. संध्याकाळी रूथने वेचलेले सातू स्वतः झोडपले आणि मग उचलून घरी नेले. ती ओंब्या विकून आली नाही. धान्य तिने स्वतः काढले आणि मोजही तिच्याच पदरात पडले. नियमशास्त्राने शेताचे कोपरे गरिबांसाठी राखायला सांगितले आणि मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितली. याकोबाने पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल फार कडक शब्द लिहिले आहेत. देवाला गरिबाच्या हिशेबात रस आहे, हे यावरून आपल्याला कळते.

मग आपण काय करायचे? आपली मंडळी दर नाताळात कपडे देते, ब्लँकेट देते. ते देत राहा, थंडीत त्याची गरज असतेच. पण मी तुमच्यापुढे आज चार गोष्टी ठेवते.

पहिली, ताडपत्री. मोह, हिरडा, बेहडा, चारोळी, जे काही वाळवायचे ते मातीत न वाळवता ताडपत्रीवर वाळवले, तर भाव वाढतो. एका घराला एक चांगली ताडपत्री दोन-तीन हंगाम पुरते. फेब्रुवारी संपण्याआधी ती गावात पोहोचली पाहिजे, एप्रिलमध्ये दिलेली ताडपत्री त्या वर्षी कामाला येत नाही.

दुसरी, वजनकाटा. गावाचा स्वतःचा काटा असला की व्यापाऱ्याच्या काट्याशी पडताळून पाहता येते. आम्ही जिथे बचत गटाला काटा दिला, तिथे बायका आधी घरी तोलून, चिठ्ठीवर वजन लिहून मगच बाजारात जातात. भांडण करावे लागत नाही, चिठ्ठी दाखवली की पुरते.

तिसरी, तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, बँकेत होते, कचेरीत होते, त्यांची मला गरज आहे. वर्षातून चार दिवस गावात या. ग्रामसभेच्या तरुणांना हिशेबाची वही कशी ठेवायची, निविदा कशी वाचायची, बँकेचा फॉर्म कसा भरायचा हे शिकवा. आपल्यापैकी निवृत्त झालेले पुष्कळ भाऊ मला विचारतात, आम्ही काय सेवा करू? ही सेवा आहे.

चौथी गोष्ट विकत घेण्याची. गावातल्या बायकांनी साफ करून, वाळवून, पाकीट करून आणलेला मध, चारोळी किंवा वाळवलेला गवती चहा आपल्या सभेत विकायला येईल, तेव्हा दया म्हणून घेऊ नका. हातात घेऊन बघा, वास घ्या, ओलसर असेल तर परत करा आणि का परत केला ते सांगा. चांगला असेल तर मागितलेला भाव द्या, दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. दयेने घेतलेले पाकीट एकदाच विकले जाते. आवडले म्हणून घेतले तर पुढच्या महिन्यात पुन्हा मागता, आणि गावातल्या बाईला तेच हवे आहे.

आज प्रत्येक बहिणीसाठी गवती चहाचा एक फुटवा आणला आहे, जाताना दाराशी ठेवलेल्या टोपलीतून घ्या. आणि तुमच्या कुटुंबाच्या प्रार्थनेत, येत्या मार्च-एप्रिल-मे महिन्यांत, मोह वेचणाऱ्या आणि तेंदू तोडणाऱ्या बहिणींची नावाने नाही तरी कामाने आठवण करा. अस्वलापासून, सापापासून, उन्हापासून प्रभूने त्यांचे रक्षण करावे. त्यांचे पुडके मोजणाऱ्याच्या मनात प्रभूने आपले भय घालावे. आणि त्यांनी तोडलेल्या पानाचा पुरा मोबदला त्यांच्याच घरात यावा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.